‘मीच ती’ हे कोण मानणार? – ‘पाठलाग’ची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या, आणि उठायच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, “माह्या कागद बँकेतून वापस आला. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. मी त्या साहेबाच्या समोर उभी हाओ, अन् तो मलेच इचारते, यातली तुम्ही कोनती?”

सगळ्या हसल्या. कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, “अवं, हे त ‘मेरा साया’वानी झालं!”

मग काय, अर्धा तास त्या सिनेमावरच गप्पा रंगल्या. ज्यांनी पाहिला होता त्या सांगत होत्या, ज्यांनी नव्हता त्या विचारत होत्या, “मंग खरी कोन निंघाली?” त्या दिवशी ठरवलं, पुढचं भाषण यावरच करायचं. कारण ती गोष्ट मुळात मराठी आहे, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आणि आजींनी केलेली तुलना पण हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

‘मेरा साया’ आला १९६६ साली. दिग्दर्शक राज खोसला, नायिका साधना, नायक सुनील दत्त. बरेलीच्या बाजारात पडलेल्या झुमक्याचं गाणं त्यातलंच. पण त्याआधी दोन वर्षं, १९६४ साली, मराठीत ‘पाठलाग’ नावाचा सिनेमा येऊन गेला होता. दिग्दर्शक होते राजा परांजपे. ‘लाखाची गोष्ट’, ‘जगाच्या पाठीवर’ हे सिनेमे त्यांचेच. ‘पाठलाग’मध्ये नायिका होती भावना आणि नायक डॉ. काशिनाथ घाणेकर. घाणेकर पेशाने दातांचे डॉक्टर, पण रंगभूमीवर संभाजीराजांच्या भूमिकेने गाजलेले. गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. डोळ्यांना पाखरांची उपमा दिलेलं आशा भोसले यांचं एक गाणं जुन्या बायका अजून गुणगुणतात, ते याच सिनेमातलं. त्या वर्षीचा मराठीतला उत्तम चित्रपट म्हणून ‘पाठलाग’ला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. १९६५ साली तामिळमध्ये ‘इदय कमलम्’ आला आणि पुढच्या वर्षी ‘मेरा साया’. आपली एक गोष्ट तीन भाषांत गेली.

आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे एक पुस्तक: जयंत देवकुळे यांची रहस्यकादंबरी ‘आशा परत येते’.

रहस्यकादंबऱ्यांची तेव्हा मोठी चलती होती. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानेच हजाराहून जास्त लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक. छोटी छोटी पुस्तकं, एका बैठकीत वाचून संपणारी. घरातली मोठी माणसं म्हणायची, असली पुस्तकं वाचू नका, आणि मग दुपारी स्वतःच वाचत बसायची.

आता गोष्ट ऐका. जिला शेवट आधी कळायला नको, तिने पाच मिनिटं रेडिओचा आवाज कमी केला तरी चालेल.

एक मोठा वकील. बायकोवर जिवापाड प्रेम. ती आजारी पडते आणि त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या हातांत जीव सोडते. तो स्वतः तिला अग्नी देतो. घरात तिचा फोटो, तिच्या वस्तू, आणि हा झुरत राहिलेला. अशात एक दिवस पोलीस येतात. म्हणतात, एका टोळीतली बाई पकडली आहे. हुबेहूब तुमच्या बायकोसारखी दिसते आणि सांगते की मी वकीलसाहेबांची बायको आहे.

तो जाऊन बघतो. तोच चेहरा, तेच डोळे, तोच आवाज. पण बायको तर मेली! मग ही कोण? त्याला संताप येतो. माझ्या मेलेल्या बायकोच्या चेहऱ्याचा फायदा घेते काय? खटला उभा राहतो, आणि तिला उलटसुलट प्रश्न विचारायला उभा राहतो तो तिचाच नवरा. ती घरातल्या खाणाखुणा सांगते, दोघांतच झालेलं बोलणं सांगते. लोक चक्रावतात. पण तो प्रत्येक उत्तराला दुसरं कारण शोधतो. कुणाकडून ऐकलं असेल, कुणी पढवून पाठवलं असेल. कारण एक गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे: बायको मेली.

आणि खरं काय? ती खरंच त्याची बायको असते. ‘मेरा साया’त हे असं उलगडतं: तिला एक जुळी बहीण असते, दरोडेखोराच्या घरात गेलेली. नवरा दूर असताना ती बहीण आजारी अवस्थेत आसऱ्याला येते. दोघींची अदलाबदल होते. टोळीवाले भलतीलाच उचलून नेतात, आणि घरात राहिलेली आजारी बहीण मालकीण समजली जाते. नवरा धावत येतो, तेव्हा त्याच्या हातांत मरते ती बहीण. त्याने अग्नी दिला तो मेहुणीला.

मैत्रिणींनो, चांगली रहस्यकथा आणि नुसती फसवणूक यात फरक असतो. चांगल्या रहस्यकथेत लेखक आपल्यापासून काही चोरत नाही. धागे सगळे समोर टाकलेले असतात, आपलंच लक्ष दुसरीकडे असतं. इथे पाहा. नवरा म्हणतो, “मी तिला मरताना पाहिलं.” आपण पण पाहिलेलं असतं, म्हणून आपण त्याच्या बाजूने होतो. पण नीट विचार केला तर त्याने काय पाहिलं? त्या चेहऱ्याची एक बाई मेली, एवढंच. ती आपली बायको होती हे त्याने पाहिलं नाही, ते धरून चाललं. डोळ्यांनी पाहिलेलं एक, आणि त्यावरून मनाने काढलेलं दुसरं. सगळं रहस्य या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत लपलेलं आहे. पोलिसांचा तपास असो की गावातली भानगड, चूक बहुतेक वेळा याच फटीत होते.

आणखी एक गंमत. कादंबरीचं नाव आठवा: ‘आशा परत येते’. नायिकेचं नाव आशा. म्हणजे लेखकाने उत्तर मुखपृष्ठावरच छापलं होतं! वाचकाला सांगितलं की ती येणार आहे, आता कशी येते ते वाच. सिनेमावाल्यांनी नाव बदलून ‘पाठलाग’ केलं. नावातलं उत्तर गेलं आणि नुसती उत्सुकता उरली. पुस्तकाचा सिनेमा करताना असे बदल करावे लागतात. पुस्तकात लेखक एका ओळीत लिहितो, “ती हुबेहूब तशीच होती,” की काम झालं. वाचकाने चेहरा आपल्या मनात पाहायचा. पडद्यावर मात्र चेहरा दाखवावाच लागतो.

मग एकच नटी दोन बायका कशा दाखवणार? त्या काळी संगणक नव्हते. कॅमेरा जागच्या जागी घट्ट बसवायचा, तसूभर हलू द्यायचा नाही. भिंगाचा अर्धा भाग काळ्या आडोशाने झाकायचा आणि उघड्या अर्ध्या भागात नटीचं काम टिपून घ्यायचं. मग तीच फिल्म मागे गुंडाळायची, नटीने लुगडं-केस बदलून यायचं, झाकलेली बाजू उघडायची, उघडी होती ती झाकायची, आणि दुसऱ्या बाजूला उभं राहून पुन्हा काम करायचं. समोर कुणी नसताना, जणू बहीण समोर आहे असं पाहायचं. ज्या दृश्यात दोघी एकत्र नसतील तिथे तर एवढंही लागत नाही. बोलण्या-चालण्याची ढब बदलली की झालं.

आपल्या देशात पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका पण एका मराठी माणसाने केली. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम पण झाले आणि सीता पण! बाईने सिनेमात काम करणं तेव्हा हलकं समजत, म्हणून पुरुषच बाई व्हायचे. तिथपासून भावनाने दोन बायका उभ्या करेपर्यंत पन्नासेक वर्षं गेली.

चेहरा एक आणि माणूस दुसरा, ही कल्पना काही एकट्या मराठीची नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला मे १९१३ मध्ये. त्याच महिन्यात तिकडे फ्रान्समध्ये ‘फान्तोमास’ नावाचा गुन्हेगारी सिनेमा पडद्यावर आला. दिग्दर्शक लुई फ्यूयाद. सिनेमा मुका होता, आणि तो पण रहस्यकादंबऱ्यांवरूनच काढलेला. पिएर सुव्हेस्त्र आणि मार्सेल आलँ या दोघांनी १९११ पासून त्या कादंबऱ्या लिहायला सुरुवात केली होती. फान्तोमास हा शंभर सोंगं घेणारा गुन्हेगार, आणि जूव्ह हा त्याच्या मागावरचा पोलीस.

पहिल्याच भागात काय होतं ऐका. फान्तोमासला देहदंड झालेला असतो. शहरात त्याच गुन्ह्यावर एक नाटक चालू असतं आणि एक नट त्या कैद्याची भूमिका करत असतो. रंग, मिशा, केस लावून हुबेहूब तोच. कैद्याची श्रीमंत मैत्रीण नटाला निरोप पाठवते, आहे त्याच वेषात भेटायला ये. तो भोळेपणाने येतो. ती त्याला गुंगीचं औषध पाजते, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना पैसे चारलेले असतातच. खरा गुन्हेगार बाहेर, आणि बिचारा नट कोठडीत. कादंबरीत त्या निरपराध नटाची मान खरंच कापली जाते आणि चेहऱ्यावरचा रंग नंतर लक्षात येतो. सिनेमात मात्र जूव्ह ऐनवेळी येतो, नीट निरखून पाहतो, सोंग उतरवतो, आणि नट वाचतो. एकच गोष्ट, पण पुस्तकात माणूस मेला आणि सिनेमात जगला. फरक एवढाच, की सिनेमात कुणीतरी थांबून नीट पाहिलं.

आपल्याकडे तर यासाठी खास शब्दच आहे: तोतया. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. ओळखीच्या लोकांकडून, पंचांकडून चौकशी झाली. तरी त्याच्यामागे माणसं जमली, १७७६ साली त्याने कोकणात बंड केलं आणि शेवटी त्याला मृत्युदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. लोकांनी त्या तोतयाला का मानलं? भाऊ परत यावेत असं पुष्कळांना मनापासून वाटत होतं म्हणून. जे हवं असतं ते खरं वाटायला वेळ लागत नाही.

आता ‘पाठलाग’ याच्याशेजारी ठेवून पाहा. तोतया खोटा होता, तरी लोकांनी त्याला खरा मानलं. ‘पाठलाग’मधली बायको खरी होती, तरी तिला खोटी ठरवलं. मला वाटतं, ही गोष्ट बायकांच्या मनात घर करून राहिली ती यामुळेच. आपलं घर, आपला संसार, आपली माणसं समोर आहेत, आणि आपण ओरडून सांगतोय की मीच ती, तर समोरचा म्हणतो पुरावा दे. तिच्याकडे पुरावा काय होता? आठवणी. त्या तिच्यासाठी सगळ्यात खऱ्या होत्या, पण कोर्टासाठी ते नुसतं बोलणं होतं.

आणि एक गोष्ट तिने स्वतःच झाकून ठेवली होती. जुळी बहीण आहे, हे तिने नवऱ्याला कधी सांगितलंच नव्हतं. बहीण वाईट संगतीत गेलेली, मग सासरी कळलं तर? माहेरची अब्रू जाईल, आपला संसार मोडेल. या भीतीने ती गप्प राहिली. आणि ज्या दिवशी ती बहीण म्हणजेच तिच्या सुटकेचा पुरावा होता, त्या दिवशी तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला कुणाकडे आधारच नव्हता. मी तिला दोष देत नाही. बाईला माहेरचं काही झाकून ठेवावं लागतं, यात घराचा पण दोष असतो. ज्या घरात खरं सांगायची सोय नसते, त्या घरात खरं पटत पण नाही.

आता आमच्या मावशींकडे परत येऊ. त्यांना जुळी बहीण नाही. पण कागदावर मात्र त्या दोन बायका आहेत! शाळेच्या दाखल्यावर एक नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्न झालं, सासरी नाव बदललं, आडनाव बदललं. राशनकार्डावर घरातलं हाक मारायचं नाव लागलं. आधार काढताना लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. आपल्यातल्या किती जणींची हीच कथा आहे! पुरुष जन्मतो त्या नावाने मरतो. आपल्याला मधेच दुसरी बाई व्हावं लागतं आणि पहिली बाई कोण होती ते कुणी लिहून ठेवत नाही.

हे अडतं कधी? वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायचं असतं तेव्हा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, पण सातबाऱ्यासाठी ‘मी त्यांची मुलगी’ हे दाखवावं लागतं, आणि हातात कागद सगळे सासरच्या नावाचे. निराधार योजनेचा अर्ज करताना अडतं, कर्जाच्या कागदावर अडतं. सिनेमात उलटतपासणी वकिलाने घेतली, आपली खिडकीवरचा माणूस घेतो. तो पण वाईट नसतो. त्याच्यापुढे दोन नावं असतात आणि ती दोन्ही एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद नसतो.

तो जोडणारा कागद आपण आधीच करून ठेवायचा. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत होते. जुन्या लग्नाची पण करता येते. त्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव येतं, म्हणजे दोन बायकांमधला पूल तयार होतो. नावात नुसता थोडा फरक असेल तर पुष्कळ ठिकाणी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र चालतं. नावच पूर्ण बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेता येतो. आधारची घाई मात्र करू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा, स्पेलिंग कागदावर लिहून न्या, आणि मगच बदला. आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक.

पुढच्या पिढीसाठी थोडं बरं झालं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लावायचं ठरलं. आईचं नाव निदान कागदावर तरी लेकराच्या नावाला जोडून राहील.

आमच्या मावशींनी शेवटी पेटीच्या तळाशी ठेवलेला चौथीचा दाखला शोधून काढला. कडा उंदराने कुरतडलेल्या, पण नाव शाबूत. तो हातात घेऊन म्हणाल्या, “हे पाहा, ही पन मीच हाओ.” किती वर्षांनी त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं असेल, कोण जाणे!

मैत्रिणींनो, ‘पाठलाग’ किंवा ‘मेरा साया’ मिळाला तर गटाने एकत्र बसून पाहा. आणि पाहून झाल्यावर एवढं करा:

१. प्रत्येकीने पुढच्या बैठकीत आधार, राशनकार्ड, पासबुक आणि शाळेचा दाखला असेल तर तो आणायचा. चारही कागदांवरचं नाव मोठ्याने वाचायचं. जिथे फरक दिसेल तिथे गटाच्या वहीत खूण करायची.

२. लग्नाची नोंदणी कुणाकुणाची झाली नाही त्याची यादी करून सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीत जायचं. एकटीला दहा चकरा पडतात, दहा जणींचं काम एका चकरेत होतं.

३. एका प्रश्नावर बोलायचं: त्या नायिकेने बहिणीची गोष्ट आधीच सांगितली असती, तर तुमच्या घरात ती ऐकून घेतली असती का?

उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. आणि हो, ज्यांनी रेडिओचा आवाज कमी केला होता, त्यांनी आता वाढवायला हरकत नाही. नमस्कार.